८ ओहमवरची धूम : स्विफ्टमधल्या ॲम्प आणि सबवूफरच्या नोंदी

१२ एप्रिल २०२५

वाईहून परत येताना खंबाटकीचा बोगदा ओलांडला आणि पुढच्या दोन्ही दारांतला आवाज एकदम गेला. डिकीतला सबही (खालचे स्वर वाजवणारा सबवूफर) गप्प. मागच्या दारांतले कंपनीचे स्पीकर तेवढे चालू राहिले. शिरवळला गाडी बाजूला घेऊन डिकी उघडली तर ॲम्पवर (स्पीकरांना ताकद देणाऱ्या ॲम्प्लिफायरवर) प्रोटेक्टचा, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडल्याचा, लाल दिवा लागलेला, आणि ॲम्पच्या अंगावर हात ठेवता येईना. वीस मिनिटांनी तो आपोआप सुरू झाला, नसरापूर ओलांडल्यावर पुन्हा गेला. तीन आठवड्यांत ही चौथी वेळ.

आजपासून लिहून ठेवते आहे, म्हणजे काय मोजलं आणि काय बदललं याचा गोंधळ होणार नाही.

गाडी २०१४ ची स्विफ्ट. मार्चमध्ये एका दुकानातून हे सगळं एकदम बसवून घेतलं: चार चॅनेलचा क्लास एबी ॲम्प (४ ओहमवर, म्हणजे स्पीकरच्या तेवढ्या रोधावर, प्रत्येकी ६० वॉट आरएमएस, म्हणजे सतत देता येणारे वॉट), पुढच्या दारांत साडेसहा इंची कंपोनंट सेट (मोठा स्पीकर आणि वरच्या स्वरांचा छोटा ट्विटर वेगवेगळे), डिकीत दहा इंची सब. ॲम्पचे चॅनेल १-२ पुढच्या दारांना, ३-४ ब्रिज करून, म्हणजे दोन मिळून एक करून, सबला. स्टिरिओ जुनाच, पण त्याला सबचं वेगळं आउटपुट आहे.

हे सगळं ज्याच्यासाठी केलं ते एक रेकॉर्डिंग आहे. अप्पा चाळीस वर्षं गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात. गेल्या कार्तिकात काकड्याच्या वेळी मी देवळात रेकॉर्डर ठेवून दीड तास रेकॉर्ड केलं. पहाटेची वेळ, दगडी मंडप, बाहेर एकही गाडी नाही. पखवाजाच्या डाव्या, कणीक लावलेल्या तोंडाची, धुमेची, प्रत्येक थाप त्यात उतरली आहे. हेडफोनवर ती ऐकली की छातीला जाणवते. गाडीत मात्र ती कधी 'भुम्म' अशी पसरते, कधी गायबच होते. गाडीत मला फक्त ही धूम नीट ऐकू यायला हवी आहे.

१३ एप्रिल

सकाळी सबच्या वायरी ॲम्पमधून सोडवल्या आणि टोकांना मीटर लावला. १.८ ओहम. तिथेच सगळं कळलं.

या सबला दोन कॉइल आहेत, प्रत्येकी ४ ओहमची. दुकानात त्या समांतर जोडल्यात, म्हणजे एकूण २ ओहम. मीटर नुसत्या तारेचा रोध मोजतो, म्हणून छापील आकड्यापेक्षा जरा कमी दाखवतो. ४ ओहमचा स्पीकर ३.४-३.६ दाखवतो, तसाच हा १.८.

आणि हा २ ओहमचा भार ब्रिजवर टाकलाय. ब्रिजमध्ये एकाच स्पीकरच्या दोन टोकांना दोन चॅनेल धरतात. एक वर ढकलतो तेव्हा दुसरा खाली ओढतो. त्यामुळे स्पीकरला दुप्पट व्होल्टेज मिळतं, पण प्रत्येक चॅनेलला समोरचा भार निम्माच दिसतो. म्हणजे माझ्या ॲम्पचे दोन चॅनेल तीन आठवडे प्रत्येकी १ ओहमवर राबत होते; रोध जितका कमी, तितका करंट जास्त द्यावा लागतो. ॲम्पच्या पाठीवर स्वच्छ छापलंय: स्टिरिओ किमान २ ओहम, ब्रिज किमान ४ ओहम. प्रोटेक्टमध्ये जात होता म्हणून वाचला.

दुकानात फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, ऊन फार आहे, गाडी सावलीत लावत जा." मी ब्रिजचं विचारल्यावर म्हणाले, "मग सबसाठी वेगळा मोनो ॲम्प घ्या, नऊ हजारांत बसवून देतो." त्यांच्याच हाताने झालेल्या चुकीसाठी मी आणखी नऊ हजार का घालावेत, याचं उत्तर मिळालं नाही. राग आला, पण तो धरून बसण्यापेक्षा स्वतः करणं बरं.

१५ एप्रिल

रात्री वहीत आकडे मांडले.

सबच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत १२०० वॉट. आतल्या कागदावर आरएमएस ३०० वॉट. जुळवणीसाठी कामाचा हा दुसरा आकडा: कॉइल सतत किती उष्णता सोसू शकते तो. ॲम्पच्या कागदावरचे ६० वॉट मात्र सीईए-२००६ मानकाप्रमाणे दिले आहेत, म्हणजे १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि १ टक्क्याच्या आतली विकृती अशा अटींवर मोजलेले. दोन ॲम्पची तुलना करायची तर दोघांच्या कागदावर हे असावं, नाहीतर तुलनेला अर्थ नाही.

स्टिरिओवर '५० वॉट × ४' छापलंय, त्याचाही हिशोब केला. गाडीत मिळतात १४.४ व्होल्ट. त्यातून स्वच्छ साइन लहर जास्तीत जास्त १४.४ भागिले १.४१४, म्हणजे १०.२ व्होल्टची निघेल. ४ ओहमवर त्याचे २६ वॉट होतात, आणि आतली गळती धरली की वीस-बावीस उरतात. मग ५० आले कुठून? लहर पूर्ण चौकोनी झाली की १४.४ चा वर्ग भागिले ४, बरोबर ५२. म्हणजे आवाज पार फाटलेला असताना जे मिळतं ते स्टिरिओवर छापलंय.

आता सब. दोन ४ ओहमच्या कॉइल जोडायच्या दोनच रीती: समांतर २ ओहम, सलग ८ ओहम. ४ ओहम मला मिळूच शकत नाही. या ॲम्पसाठी २-२ ओहमच्या कॉइलचा सब घेतला असता, तर सलग जोडून बरोबर ४ झाले असते. तो दुकानात शेजारच्याच फळीवर होता. वापरलेला सब बदलून मिळणार नाही, तेव्हा उरले ८ ओहम.

८ ओहम ब्रिजवर म्हणजे प्रत्येक चॅनेलला ४ ओहम. प्रत्येकी ६०, मिळून १२० वॉट. ३०० सोसणाऱ्या सबला १२०. ऐकायला फार कमी वाटतं, पण कानाचा हिशोब वेगळा आहे. ३०० आणि १२० यांत अडीच पटीचा फरक, डेसिबलमध्ये फक्त ४. आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. चार डेसिबलसाठी नऊ हजार आत्ताच घालणार नाही. आधी ऐकून बघते.

कमी वॉटच्या ॲम्पने स्पीकर जळतो, असं जवळजवळ प्रत्येक दुकानात ऐकलं. कमी वॉटने काही जळत नाही. ॲम्प त्याच्या कुवतीपलीकडे पिळला की लहरीचे माथे कापले जातात, सरासरी उष्णता वाढते आणि वरच्या पट्टीतला कचरा ट्विटरवर पडतो. जळतं ते त्याने. पिळला नाही तर १२० वॉटवर ३०० चा सब वर्षानुवर्षं चालेल.

२० एप्रिल

कॉइल सलग जोडल्या. ॲम्पचा प्लस पहिल्या कॉइलच्या प्लसला, पहिलीचा मायनस दुसरीच्या प्लसला, दुसरीचा मायनस परत ॲम्पला. मीटरवर ७.१ ओहम. कात्रजपर्यंत जाऊन आले, दुपारचं ऊन, आवाज चांगला मोठा. ॲम्प कोमट. दिवा लागला नाही.

२७ एप्रिल

आज वायरी. सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला आणि जाणं बरोबरही होतं.

इंजिन चालू, ५० हर्ट्झचा टोन लावून बॅटरीवर मोजलं: १३.६ व्होल्ट. त्याच वेळी ॲम्पच्या टोकांवर १२.४. मधले १.२ व्होल्ट कुठे गेले ते शोधायला मीटरची एक लांब वायर केली. बॅटरीच्या प्लसपासून ॲम्पच्या प्लसपर्यंत ०.६, ॲम्पच्या मायनसपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत पुन्हा ०.६. दोन्हीकडे दोष.

प्लसची वायर बाहेरून अंगठ्याएवढी जाड दिसत होती. टोक कापलं तर आवरणच जाड, आत तारांचा बारीक झुबका. एक तार ब्लेडने खरवडली. वरचा तांबडा पापुद्रा निघाला आणि खाली पांढरा धातू. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे तीच जाडी असली तरी गळती दीडपटीहून जास्त. पावती 'कॉपर किट'ची आहे.

त्याहून वाईट पुढे होतं. इंजिनच्या खोलीतून ती वायर आत येते तिथे रबरी ग्रोमेट न लावता नुसती पत्र्याच्या भोकातून ओढलेली. पत्र्याच्या कडेने आवरण अर्ध्यापर्यंत कापलं गेलं होतं. आणि बॅटरीजवळ फ्यूज नाही, फ्यूज होता तो मागे ॲम्पजवळ. ॲम्पजवळचा फ्यूज ॲम्पला वाचवतो. वायर मध्येच कुठे पत्र्याला टेकली तर बॅटरीचा सगळा करंट त्या वायरमधून जाणार आणि वाटेत अडवणारं काहीही नाही. गालिच्याखालून जाणारी वायर, वर सीट, सीटवर माणसं. त्या जागेचा फोटो काढून ठेवलाय. ज्या कोणाच्या गाडीत ॲम्प बसवलेला आहे त्यांनी आज बॉनेट उघडून एवढं तरी बघावं: बॅटरीच्या प्लसपासून हातभर अंतरात फ्यूज आहे का.

करंटचा अंदाज: १२० पुढचे अधिक १२० सबचे, २४० वॉट. एबी ॲम्पची कार्यक्षमता ५५ टक्के धरली तर बॅटरीकडून ४३५ वॉट, म्हणजे १३.८ व्होल्टवर ३१-३२ अँपिअर. ते फक्त अखंड पूर्ण टोनवर. संगीतात सरासरी याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास राहते, पण वायर आणि फ्यूज शिखरासाठी धरायचे.

तपकीर गल्लीतून १६ स्क्वेअर एमएमची शुद्ध तांब्याची फ्लेक्सिबल वायर साडेपाच मीटर आणली. दुकानदाराने न विचारता टोक कापून तार खरवडून दाखवली. ४० अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून ३० सेंटीमीटरवर. लग क्रिंप करून वर स्लीव्ह. भोकात ग्रोमेट. आरसीएच्या (स्टिरिओचा सिग्नल ॲम्पकडे नेणाऱ्या) वायरी गाडीच्या दुसऱ्या बाजूने नेल्या, म्हणजे प्लसच्या वायरीला समांतर जाणार नाहीत.

अर्थ मागच्या सीटच्या मागे रंगावरच स्क्रूने ठोकलेली होती. एक रुपयाच्या नाण्याएवढी जागा पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत केला, दातेरी वॉशर घालून बोल्ट कसला, वरून रंगाचा हात दिला, नाहीतर पावसाळ्यात तिथेच गंजायचं. सीटबेल्टचा बोल्ट अर्थसाठी हाताशी सोयीचा असतो, पण तो मी सोडवला नाही. तो जीव वाचवायला आहे.

पुन्हा मोजलं. बॅटरी १३.६, ॲम्प १३.३.

१ ते ४ मे

महाराष्ट्र दिनाची सुट्टी आणि पुढचा शनिवार-रविवार दारांना दिला.

दाराचं पॅड काढल्यावर दिसतं की स्पीकर एका मोठ्या भोकांच्या पत्र्यावर बसलाय. पडदा पुढे येतो तेव्हा त्याच्या मागची हवा त्याच भोकांतून पुढे येऊन समोरच्या हवेला रद्द करते, आणि खालच्या पट्ट्या सगळ्यात आधी मरतात. वॉट कितीही घाला, ही गळती बुजवल्याशिवाय दारातून खालचा स्वर येत नाही. बाहेरच्या पत्र्याला आतून ब्युटिलची शीट रोलरने दाबून बसवली, आतल्या पत्र्याची मोठी भोकं पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा आणि शीटने बंद केली. खालची पाणी निघायची भोकं मोकळी ठेवली, ती बुजली तर दार आतून कुजतं. स्पीकरखाली १८ मिलिमीटर एमडीएफची रिंग, तिला दोन हात वॉर्निश. काच पूर्ण खाली-वर करून बघितली, मॅग्नेटला लागत नाही.

दार लावल्याचा आवाजही बदलला. आधी 'खण्ण', आता 'ठप्प'.

११ मे

ओळखीच्या एका काकांचं टीव्ही दुरुस्तीचं जुनं दुकान आहे. तिथे हिरव्या पडद्याचा ऑसिलोस्कोप अजून चालतो. गाडी दारात लावली आणि स्टिरिओत ० डेसिबलची ५० हर्ट्झचा साइन टोन टाकला. स्पीकर आणि सब सोडवलेले.

आधी नुसता स्टिरिओ. आवाज ४० पैकी ३० वर: पडद्यावर गोल माथ्यांची सुरेख लाट. ३४: तशीच, उंच. ३५. ३६ ला माथा जरासा दबला, आधी वाटलं डोळ्यांचा भास. ३८ ला स्पष्ट दिसलं, डोंगराचा माथा कापून पठार केल्यासारखं. काका म्हणाले, "हे बघ, इथून पुढे आवाज वाढत नाही, नुसती घाण वाढते." माझी सीमा ३४. यापुढे हा स्टिरिओ ३४ च्या वर जाणार नाही.

मग ॲम्पचं गेन. गेन म्हणजे आवाजाचं बटण, असंच मी इतकी वर्षं समजत होते. खरं तर स्टिरिओकडून येणारं व्होल्टेज आणि ॲम्पची कुवत यांची गाठ कुठे मारायची ते गेन ठरवतं. हिशोब सोपा: वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. पुढच्या चॅनेलला ६० × ४ = २४०, वर्गमूळ १५.५ व्होल्ट. सबला १२० × ८ = ९६०, वर्गमूळ ३१ व्होल्ट. ब्रिजमध्ये दुप्पट व्होल्टेज म्हणतात ते हेच.

स्टिरिओ ३४ वर, इक्वलायझर सपाट, बास बूस्ट शून्य, ॲम्पमधले फिल्टर बंद. सबसाठी ५० हर्ट्झ, पुढच्यासाठी २०० हर्ट्झ. १००० चा टोन सगळे वापरतात, पण बरेच स्वस्त मीटर एसी व्होल्ट ४०० हर्ट्झपर्यंतच धड मोजतात, काकांनी माझा मीटर स्कोपशी ताडून दाखवला. पेचकसाने गेन हळूहळू चढवत १५.५ आणि ३१ वर आणून सोडलं. स्पीकर सोडवलेले असताना ॲम्प याच्याही वर स्वच्छ जातो, तो मोह आवरायचा. भार जोडला की तेवढं टिकत नाही.

काकांनी पैसे घेतले नाहीत. त्यांना रेकॉर्डिंग ऐकवायचं कबूल केलंय.

१८ मे

सब ज्यात बसवलाय तो सोबत मिळालेला खोका पोर्टवाला (हवेसाठी नळी सोडलेला), आणि आकार या सबच्या कागदाशी जुळत नाही. कागदावर बंद खोक्यासाठी १८ ते २१ लिटर दिलेत. पोर्टच्या खोक्यातून त्याच वॉटमध्ये जास्त आवाज निघतो, पण ज्या पट्टीला पोर्ट बांधलाय तिथे तो घुमतो आणि त्याखाली झपाट्याने, सप्तकाला २४ डेसिबलने, कोसळतो. बंद खोका १२ डेसिबलने सावकाश उतरतो, आणि छोट्या गाडीची बंद काचेची पोकळी खालच्या पट्ट्या तेवढ्याच हळूहळू उचलून धरते. धूम वाजून लगेच थांबली पाहिजे, तिच्यामागे शेपूट नको. म्हणून बंद.

टिंबर मार्केटमधून १८ मिलिमीटर एमडीएफ मापात कापून आणला. आतून ४० × ३० × १८ सेंटीमीटर, २१.६ लिटर. सबचं स्वतःचं अंग दीड लिटरभर, उरले वीस. सांधे फेव्हिकॉल आणि स्क्रू, आतून सिलिकॉन.

२५ मे

यंदा मे महिन्यातच पाऊस लागलाय. हवेत इतका ओलावा की वॉर्निश चार दिवस चिकट राहिलं. पंखा लावून घरात सुकवला, सगळ्या घराला वास.

सब बसवल्यावर पडदा तळव्याने हळूच दाबून धरला. हाताला जाणवणारा दाब लगेच ओसरला, म्हणजे हवा कुठून तरी सुटते आहे. दिवा घालवला, उदबत्ती लावून सांध्यांवरून फिरवली आणि पडदा दाबत राहिले. टर्मिनलच्या कपापाशी धुराची सरळ रेघ थरथरली. तिथे सिलिकॉन भरलं. आता पडदा दाबून धरला तरी दाब टिकून राहतो.

१ जून

आज क्रॉसओव्हर, आणि या सगळ्या प्रकल्पातलं सगळ्यात शिकवणारं काम.

सुरुवात नेहमीच्या ८० हर्ट्झवर केली: दारांना ८० च्या वरचं, सबला ८० च्या खालचं. रेकॉर्डिंग लावलं. टाळ, आवाज, शाईच्या बाजूचा 'ता' समोर काचेपाशी, लखलखीत. धूम मात्र फुटली. थापेचा हात समोर आणि तिची घुमणारी पोकळी पाठीमागे डिकीत. एक पखवाज दोन ठिकाणी. सबचं गेन कमी केलं तर धूम पोकळ, वाढवलं तर सगळा मंडपच मागे सरकतो.

मोबाइलवर स्पेक्ट्रम बघितला. अप्पांची धूम ७५-८० हर्ट्झवर आहे. मी नेमका तिच्याच अंगातून सुरा चालवत होते.

त्यात अंतराचा प्रश्न. टेप लावली: माझ्या कानापासून दारातले स्पीकर सरासरी १.१ मीटर, सब २.१. एक मीटर जास्त, म्हणजे सबचा आवाज ३ मिलिसेकंद उशिरा. ८० हर्ट्झचा एक फेरा १२.५ मिलिसेकंदांचा, तेव्हा ३ मिलिसेकंद म्हणजे जवळजवळ पाव फेरा. शिवाय सप्तकाला १२ डेसिबलने कापणाऱ्या फिल्टरची जोडी कापण्याच्या जागी दोघांत अर्धा फेरा पाडते. सबचे प्लस-मायनस उलटे केले की तो अर्धा फेरा निघून जातो, पण पाव फेरा उरतोच. सुलटं ठेवलं तरी पाव, उलटं ठेवलं तरी पाव. उलटसुलट करून मी अर्धा तास ऐकलं, फरकच पडेना, तो का पडेना हे वहीत मांडल्यावर समजलं. काही स्टिरिओंत पुढच्या स्पीकरांना मिलिसेकंदांत थांबवून ठेवता येतं, माझ्यात ती सोय नाही.

मग कापण्याची जागाच खाली नेली. दारं ६० च्या वर, सब ६० च्या खाली. ६० ला फेरा १६.७ मिलिसेकंदांचा, तिथे ३ मिलिसेकंद पाव फेऱ्याच्या बरेच आत. आता सब उलटा केला, आणि या वेळी फरक पडला: खालचा स्वर भरून आला. सुलटा केला, पातळ झाला. तीनदा करून बघितलं. काचा आणि सीट्सवरून परतणारा आवाज हा हिशोब थोडा बिघडवतो, पण दिशा बरोबर होती. कायमचा उलटा ठेवला.

धूम आता पूर्ण दारांतून येते, म्हणजे समोरून. हे जमलं कारण दारं आता बंद पेटीसारखी आहेत. मार्चमधल्या दारांना ६० वर कापलं असतं तर नुसता पत्रा वाजला असता. आणि सबचा वरचा आवाजही मागे पडला: ८० वर कापल्यावर १६० हर्ट्झला सब जेमतेम १२ डेसिबल खाली होता, आता १७. मंडळींच्या खर्जातला डिकीतून येणारा घोगरेपणा त्यानेच गेला.

मग सबचं गेन कानाने उतरवत आणलं. जिथे सब वाजतोय हे कळेनासं झालं, पण बंद केला की चुकल्यासारखं वाटलं, तिथे थांबले. मीटर लावला: तोच टोन, तोच ३४, २२ व्होल्ट. २२ चा वर्ग भागिले ८, साठ वॉट. ३०० च्या मोनो ॲम्पवाचून आवाजच येणार नाही असं सांगितलेल्या सबला मी शेवटी साठ वॉट दिले आहेत. ज्यांना गाडीच्या काचा थरथरवायच्या आहेत त्यांचं गणित वेगळं, त्यांनी २ ओहमचा मोनो ॲम्प जरूर घ्यावा. मला पखवाज ऐकायचाय.

८ जून

पुणे ते महाबळेश्वर आणि परत, सगळा रस्ता पाऊस. ॲम्प कोमटसुद्धा नाही. अर्थचा बोल्ट तपासला, घट्ट. दारांत पाणी साठलेलं नाही. मागच्या दारांचा आवाज फेडरने अगदी कमी करून ठेवलाय, मागे बसलेल्यांना पुरतो. येताना काकांच्या दुकानी थांबून त्यांना पहिला अर्धा तास ऐकवला. ते डोळे मिटून बसले होते.

१५ जून

अप्पांना वाईहून घेऊन आले. वीस तारखेला पालख्या पुण्यात येतायत, त्यांचं मंडळ इथून पुढे सासवडपर्यंत माउलींबरोबर चालणार आहे. पुढच्या सीटवर बसवलं, पखवाज मागच्या सीटवर बेल्ट लावून.

सुरूर फाट्याच्या पुढे रेकॉर्डिंग लावलं. आवाज २६ वर. काय बदललं ते काही सांगितलं नाही. अप्पा आधी खिडकीबाहेर बघत होते. पहिला अभंग संपला, दुसरा सुरू झाला आणि त्यांचा डावा हात मांडीवर चालू लागला. तिसऱ्यात एकदम थांबला. मला वाटलं झोप लागली.

"मागे घे जरा," म्हणाले.

मागे घेतलं. त्यांनी मान पुढे काढून ऐकलं, डाव्या हाताची बोटं हवेत तशीच धरून.

"त्या दिवशी कणीक ओली झाली होती," अप्पा म्हणाले. "धूम बघ, बसकी बोलतीय. मला वाजवताना कळलं होतं, पण थंडीत पुन्हा मळायचा कंटाळा केला. इथून पुढे बघ, तिसऱ्या चरणानंतर सुकत आली की वर चढेल."

तिसऱ्या चरणानंतर ती चढली. स्पेक्ट्रमवर मी ७५ ते ८० असं लिहून ठेवलं होतं, ते या दोन टोकांमधलं अंतर होतं.